पगार एक, माणसं चार: दुबईला बिऱ्हाड हलवताना हिशोब कुठे चुकतो?

दुबईतल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की घरात सगळ्यात आधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडतो. १८,००० दिरहम गुणिले २३. उत्तर येतं चार लाख चौदा हजार. त्यावर करही नाही! पुण्यात हातात दीड लाख येत असतील तर हा पगार पावणेतीनपट दिसतो आणि निर्णय जवळपास तिथेच होऊन जातो.

हा गुणाकार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुण्याच्या त्या घरात बऱ्याचदा दोन पगार येत असतात आणि दुबईला निघताना त्यातला एक मागे राहतो. शिवाय दुबईचा खर्च महिन्याच्या हप्त्यांनी येत नाही, तो गठ्ठ्याने येतो. घरभाडं तीन-तीन महिन्यांचं, शाळेची फी सत्राची, व्हिसा दोन वर्षांचा, विमा वर्षाचा. एकट्याच्या पगारावर गेलेली कुटुंबं अडचणीत येतात ती बहुधा महिन्याचा खर्च जास्त झाला म्हणून नाही. पैसे हातात यायच्या आधी ते द्यायची तारीख येते, तिथे गाडी अडते.

म्हणून हा हिशोब महिन्याचा नव्हे, कॅलेंडरचा करायला हवा. तो कसा, हे एका उदाहरणावरून पाहू. कुटुंब काल्पनिक आहे आणि खालची भाडी, फी व किराण्याचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. भाडी भागाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, रुपयाचा दरही बदलतो. सरकारी नियम आणि ठरलेली शुल्कं मात्र खरी आहेत.

आधी पुण्याचा हिशोब

पती, पत्नी, पाचवीतली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. पतीच्या हातात दरमहा दीड लाख, पत्नीच्या हातात ८५ हजार. एकूण २ लाख ३५ हजार. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता ४८ हजार, गावी आई-वडिलांना १५ हजार, विम्याचे पाच हजार, बाकी घरखर्च. सगळं मिळून १ लाख ५५ हजार जातात आणि ८० हजार मागे पडतात.

हा ८० हजारांचा आकडा लक्षात ठेवायचा. दुबईच्या पगाराची तुलना पतीच्या दीड लाखाशी नाही, या ८० हजारांशी आहे.

त्यात पत्नीच्या नोकरीच्या काही गोष्टी पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाहीत. कंपनी तिच्या पीएफमध्ये भरते ती रक्कम, कंपनीचा आरोग्य विमा आणि ग्रॅच्युइटी. भारतात कायम नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. कुणाची साडेचार वर्षं झाली असतील तर राजीनाम्याची तारीख काही महिने पुढे ढकलण्याने लाखभराचा फरक पडू शकतो. हे आधी तपासलेलं बरं, कारण निघायच्या गडबडीत ते कुणाला आठवत नाही.

१८,००० दिरहम जातात कुठे?

दोन बेडरूमच्या घराचं भाडं वर्षाला ८४,००० दिरहम धरू, म्हणजे महिन्याला ७,०००. दुबईत वार्षिक भाड्याच्या ५ टक्के रक्कम नगरपालिकेचं गृहशुल्क म्हणून भाडेकरूकडून घेतली जाते. ते विजेच्या बिलातून दरमहा वसूल होतं, इथे ३५० दिरहम. बिल येतं दुबई वीज आणि पाणी प्राधिकरणाकडून. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार तिथे सगळे ‘देवा’ असा करतात, आणि जुलै-ऑगस्टचं बिल पाहिल्यावर मराठी माणसाच्या तोंडून तोच शब्द वेगळ्या अर्थाने निघतो. वीज, पाणी आणि एसी मिळून वर्षाची सरासरी ७०० धरू. घर बघताना जाहिरातीत ‘चिलर फ्री’ लिहिलं आहे का हे विचारायचं. नसेल तर एसीच्या गार हवेचं बिल वेगळं येतं आणि त्याचं डिपॉझिटही वेगळं असतं.

इंटरनेट आणि दोन मोबाइलचे ५५०. मुलगी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत गेली तर फी, बस, गणवेश आणि पुस्तकं मिळून वर्षाला १८,००० धरू, म्हणजे महिन्याला १,५००. ब्रिटिश किंवा आयबी अभ्यासक्रमाच्या शाळांची फी याच्या अनेक पट असू शकते. एका पगारावरच्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ती चर्चा तिथेच संपते. दुबईतल्या खासगी शाळांची मंजूर फी नियामक संस्था केएचडीएच्या संकेतस्थळावर इयत्तेप्रमाणे पाहता येते, त्यामुळे अंदाजावर राहायचं कारण नाही. एक छोटी गोष्ट पालकांना उशिरा कळते. खासगी शाळांत नववीपर्यंत अरबी भाषा हा विषय असतो. सहावीत जाणाऱ्या मुलीला ती मुळाक्षरांपासून शिकावी लागते, तेव्हा शिकवणीचे पैसे बाजूला ठेवलेले बरे.

किराणा, दूध, भाजी २,२००. करामा आणि बर दुबईच्या दुकानांत पोह्यांपासून कोकमापर्यंत बरंच काही मिळतं, पण भारतातून आलेली प्रत्येक वस्तू विमानाचं किंवा जहाजाचं भाडं सोबत घेऊन येते. मेट्रो आणि अधूनमधून टॅक्सी ५००. पत्नी आणि मुलांचा आरोग्य विमा वर्षाला ६,००० धरला तर महिन्याला ५००. दुबईत कर्मचाऱ्याचा विमा काढणं कंपनीला बंधनकारक आहे, कुटुंबाचा विमा मात्र त्यांना आपल्या व्हिसावर आणणाऱ्याची जबाबदारी आहे. व्हिसा नूतनीकरणासाठी दरमहा २५० आणि वर्षातून एकदा चौघांच्या भारतवारीसाठी ५०० बाजूला ठेवावे लागतात.

इथवर बेरीज १४,०५०. आता पुण्याचा फ्लॅटचा हप्ता, ४८ हजार रुपये म्हणजे सुमारे २,०९० दिरहम. आई-वडील आणि विमा मिळून २० हजार रुपये, ८७० दिरहम. एकूण १७,०१०.

उरले ९९०. रुपयांत जेमतेम २३ हजार. आणि या यादीत कपडे नाहीत, हॉटेल नाही, डॉक्टरकडे विम्याबाहेर द्यावे लागणारे पैसे नाहीत, मुलाची पुढच्या वर्षीची बालवर्गाची फी नाही.

म्हणजे पावणेतीनपट दिसणारा पगार पुण्याच्या ८० हजारांच्या जागी २३ हजार मागे ठेवतो. हे वाचून ऑफर नाकारावी असं नाही. पण कॅल्क्युलेटरवरच्या चार लाखांच्या आनंदात ही वजाबाकी झालेली नसते.

हा आकडा सुधारता येतो आणि तो सुधारतो मुख्यतः दोन जागी. पहिली जागा घर. एक बेडरूमचं घर ६०,००० दिरहमला घेतलं तर भाडं आणि गृहशुल्क मिळून महिन्याला २,१०० वाचतात. किराण्यात, टॅक्सीत कितीही काटकसर केली तरी एवढे वाचत नाहीत. शारजात भाडं आणखी कमी पडतं, पण त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत जाणारे तास, आणि स्वतःची गाडी असेल तर ‘सालिक’चा टोल. जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून हा टोल गर्दीच्या वेळी दर फेरीला ६ दिरहम आहे.

दुसरी जागा पुण्याचा रिकामा फ्लॅट. तो २५ हजारांनी भाड्याने दिला तर पूर्ण २५ हजार हातात येत नाहीत. घरमालक अनिवासी भारतीय झाला की भाडेकरूला त्याच्या भाड्यातून टीडीएस कापावा लागतो. दर साधारण ३१.२ टक्के. म्हणजे ७,८०० कापले जाऊन १७,२०० मिळतात. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तो पुढच्या वर्षी. अनेक भाडेकरूंना हा नियम माहीत नसतो, आणि न कापल्याची नोटीस नंतर त्यांनाच येते. करार करताना हे स्पष्ट बोललेलं चांगलं.

हे दोन्ही केलं तर उरणारी रक्कम ३,८०० दिरहमच्या आसपास, म्हणजे ८८ हजार रुपये होते. आता तुलना पुण्याच्या जवळपास आली, पण एका खोलीच्या बदल्यात.

पहिल्या दोन महिन्यांतला डोंगर

वरचा हिशोब सगळं सुरळीत बसल्यानंतरचा आहे. खरी परीक्षा त्याच्या आधी असते.

दुबईत घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकने द्यायची पद्धत आहे. वर्षाचा करार होतो आणि घरमालक एक, दोन, चार किंवा सहा चेक मागतो. चेक जितके कमी, तितकं भाडं थोडं खाली यायची शक्यता. चार चेक धरले तर ८४,००० चे चार तुकडे, प्रत्येकी २१,०००. पहिला चेक चावी घेतानाच वटतो. सोबत बिनफर्निचरच्या घराला भाड्याच्या ५ टक्के डिपॉझिट, ४,२००. फर्निचर असेल तर बहुधा १० टक्के. एजंटचं कमिशन साधारण ५ टक्के, आणखी ४,२००. करार ‘एजारी’ या सरकारी नोंदवहीत नोंदवायचा आणि वीज-पाण्याचं डिपॉझिट भरायचं, फ्लॅटला २,०००. जोडणी आणि नोंदणी धरून हे दोन्ही २,३५० धरू.

घराचे ३१,७५० झाले. घरात अजून पाण्याचा पेलाही आलेला नाही.

पत्नी आणि दोन मुलांचे व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी मिळून माणशी ४,००० धरले तर १२,०००. तिघांचा विमा वर्षाचा एकदम, ६,०००. शाळेचा पहिला हप्ता आणि गणवेश ४,०००. फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, गॅस शेगडी ८,०००. तिघांची तिकिटं २,४००.

बेरीज ६४,१५०. रुपयांत पावणेपंधरा लाखांच्या आसपास.

याच काळात पगार येणार दोन, म्हणजे ३६,०००. त्यातून रोजचा खर्च आणि पुण्याचा हप्ताही जायचा आहे. खड्डा कुठे आहे हे आता दिसतं. अनेक जण तो दुबईतल्या बँकेच्या वैयक्तिक कर्जाने किंवा क्रेडिट कार्डाने बुजवतात आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याचे हप्ते भरत राहतात. काही जण भारतातली ठेव मोडून पैसे मागवतात. त्यातही एक काटा आहे. उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवरची रक्कम अशा कारणांसाठी बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. तो करात वळता होतो, पण ऐन गरजेच्या वेळी अडकून पडतो.

पहिला डोंगर चढला तरी दुसरा चेक तीन महिन्यांवर उभा असतो. २१,००० चा चेक, आणि पगार १८,०००! म्हणजे तो चेक एका पगारातून कधीच निघणार नाही. दर महिन्याला पगार झाल्या दिवशी ७,००० वेगळ्या खात्यात टाकले तरच तो वटेल. जानेवारी २०२२ पासून पुरेशी शिल्लक नसल्याने चेक परत जाणं हा तिथे सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण घरमालक वसुलीसाठी थेट न्यायालयात जाऊ शकतो आणि बँकेकडची पतही जाते. चेक परत जाऊ देणं हा पर्याय म्हणून कुणी मनात धरू नये.

करार मार्चच्या मध्याला झाला असं धरलं तर चेक मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरात. भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि पुढची सत्रं सप्टेंबर आणि जानेवारीत. जूनमध्ये चेकसोबत सुट्टीची तिकिटं येतात आणि नेमकी तेव्हाच ती महाग असतात. सप्टेंबरमध्ये चेक, दुसऱ्या सत्राची फी आणि उन्हाळ्याचं फुगलेलं वीजबिल एकत्र. हे दोन महिने कॅलेंडरवर लाल पेनाने खुणावून ठेवले तर बाकीचे दहा तुलनेने सोपे जातात.

एकट्याने आधी जाण्याचे सहा महिने

सगळ्यांनी एकत्र जायचं ठरवलं तर हा डोंगर पहिल्याच महिन्यात समोर येतो. पती आधी गेला आणि कुटुंब मागून आलं तर तोच डोंगर दुबईच्याच पगारातून चढता येतो. त्यासाठी महिना नीट निवडावा लागतो. तीन वेगवेगळ्या घड्याळांच्या वेळा इथे जुळवता येतात.

पहिलं घड्याळ आयकराचं. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर त्या वर्षापुरता तो अनिवासी ठरतो आणि दुबईच्या पगारावर भारतात कर लागत नाही. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. त्यानंतर निघणारा त्या वर्षी निवासीच राहतो. जानेवारीत गेलेल्या माणसाचे मार्चपर्यंतचे पगार, म्हणजे ११-१२ लाख रुपये, त्याच्या पुण्याच्या उत्पन्नात मिळवले जातात. तिथे कर भरलेलाच नसल्याने वजावटही मिळत नाही. वरच्या टप्प्यात असणाऱ्याला हा कर दोन लाखांच्या पुढे जाऊ शकतो. ‘दुबईत कर नाही’ हे वाक्य पहिल्या वर्षी असं फसवं ठरतं. आणि दिवाळी विसरायची नाही. २५ सप्टेंबरला निघालेला माणूस दिवाळीला पाच दिवस घरी आला तर ते पाच दिवसही मोजले जातात आणि तो पुन्हा निवासी होतो.

दुसरं घड्याळ नोकरीचं. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात कंपनी १४ दिवसांच्या लेखी नोटिशीवर नोकरी संपवू शकते. चौघांचं बिऱ्हाड हलवून, वर्षाच्या भाड्याचे चेक देऊन मग प्रोबेशनमध्ये नोकरी जाणं यापेक्षा वाईट काही नाही.

तिसरं घड्याळ शाळेचं. मुलीचं पाचवीचं वर्ष मार्चमध्ये पूर्ण होतं आणि दुबईच्या भारतीय शाळेत सहावी एप्रिलमध्ये सुरू होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालं तर तिन्ही जुळतात. कराचे दिवस १५८ च्या आसपास भरतात, म्हणजे दिवाळीला यायलाही वाव राहतो. प्रोबेशन मार्चच्या सुरुवातीला संपतं. मग घर, एजारी आणि त्या आधारे कुटुंबाचा व्हिसा. मुलगी परीक्षा देऊन येते. आणि या सहा महिन्यांत पत्नीची नोकरी पुण्यात चालूच असते, हा सगळ्यात मोठा फायदा.

आकड्यांत पाहू. पतीने दुबईत ‘बेडस्पेस’ किंवा भागीदारीतली खोली घेतली, जेवण-प्रवास मिळून ३,५०० दिरहममध्ये भागवलं आणि पत्नीच्या ८५ हजारांना जोड म्हणून १,५०० दिरहम घरी पाठवले, तर महिन्याला १३,००० उरतात. सहा महिन्यांचे ७८,०००. पहिल्या डोंगराचे ६४,१५० यातून निघतात आणि वर जवळपास १४,००० राहतात. कर्ज नाही, ठेव मोडलेली नाही.

याची दुसरी बाजू हिशोबात बसत नाही. सहा महिने एकटीने दोन मुलं, नोकरी आणि घर सांभाळणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच माहीत. पाळणाघराचा किंवा आजी-आजोबांना पुण्यात बोलावून घेण्याचा खर्च त्या १,५०० दिरहममध्ये धरायला हवा. ती रक्कम वाढवावी लागली तर वाढवावी, कपात तिथे करायची नसते.

याच काळात कागदपत्रं तयार होतात. विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास आणि शेवटी अमिरातीचं परराष्ट्र मंत्रालय अशा साखळीतून साक्षांकित करून घ्यावे लागतात. शाळेच्या टीसीचंही तेच. नावाचं एखादं अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं असेल तर साखळी तिथेच तुटते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे हमखास होतं. म्हणून हे काम पहिल्या महिन्यात सुरू करायचं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी

‘पगार थोडा वाढवा’ ही मागणी सगळेच करतात. एका पगारावरच्या कुटुंबाला त्याहून उपयोगी मागण्या आहेत. घरभाडे भत्ता वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा आगाऊ द्याल का, हा पहिला प्रश्न. कंपनीला त्यात एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त वेळ बदलते. कुटुंबासाठी मात्र चेकचा सगळा प्रश्न सुटतो आणि एका चेकवर भाड्यात सूटही मागता येते. त्यानंतर कुटुंबाचा विमा, कुटुंबाचे व्हिसा आणि वार्षिक तिकिटं. शेवटी शिक्षण भत्ता. तो मिळाला तर उत्तम, हल्ली तो सहज मिळत नाही. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कायद्याने कंपनीचाच आहे. तो पगारातून कापायची भाषा झाली तर सावध व्हावं.

दुसरी पाहायची ओळ मूळ पगाराची. १८,००० मध्ये मूळ पगार ९,००० असेल आणि बाकीचे भत्ते असतील तर नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी ९,००० वरच मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, म्हणजे वर्षाला ६,३००. मूळ पगार १२,००० असता तर ८,४००. पाच वर्षांत दहा हजार दिरहमचा फरक पडतो, आणि तोही एकूण पगार तोच असताना. वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी गेली तर ग्रॅच्युइटी मिळत नाही.

एकाच दोरीला सगळं

चौघांचा व्हिसा एकाच नोकरीवर, घर त्याच पगारावर, शाळा त्याच व्हिसावर. नोकरी गेली तर व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहायला मिळणारी मुदत व्हिसाच्या प्रकारानुसार साधारण एक ते सहा महिन्यांची असते. सक्तीचा बेरोजगारी विमा आहे. १६,००० पर्यंत मूळ पगार असणाऱ्याला महिना ५ दिरहमचा हप्ता. तो मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने देतो. इथे ५,४०० दिरहम, म्हणजे भाडंही पूर्ण निघत नाही. आणि त्यासाठी आधी सलग १२ महिने हप्ते भरलेले असावे लागतात. पहिल्या वर्षी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून तीन महिन्यांचा खर्च आणि चौघांची परतीची तिकिटं, ५० ते ५५ हजार दिरहम, हे पहिल्या दीड-दोन वर्षांचं उद्दिष्ट ठेवायचं. पुण्याच्या कर्जाची मुदतपूर्व परतफेड, सोनं, गाडी, सगळं त्यानंतर. घराच्या करारात मुदतीआधी घर सोडलं तर किती दंड, ही ओळ वाचून घ्यायची. बहुतेक करारांत तो दोन महिन्यांच्या भाड्याइतका असतो. देश सोडावा लागल्यास तो कमी करण्याचं कलम मागता येतं, आणि सही करायच्या आधीच मागता येतं.

कमावता एकच असल्याने त्याचा मुदतीचा आयुर्विमा निघण्यापूर्वी भारतातच घेतलेला सोपा पडतो. आधीचा असेल तर परदेशात राहायला गेल्याचं कंपनीला लेखी कळवून ठेवायचं. बँकेला कळवून बचत खातं एनआरओमध्ये बदलून घ्यायचं आणि दुबईहून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई खातं उघडायचं. त्यावरचं व्याज अनिवासी असेपर्यंत भारतात करमुक्त आहे. जुनं पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

राहिला प्रश्न पत्नीच्या कमाईचा. पतीच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीला तिथे नोकरी करता येते. नोकरी देणारी कंपनी तिच्यासाठी वर्क परमिट काढते, व्हिसा पतीचाच राहू शकतो. पण मुलगा शाळेत जाईपर्यंत पाळणाघराचा खर्च आणि नोकरी मिळायला लागणारा काळ पाहता पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शून्यच धरावी. तिच्या नावाच्या खात्यात दरमहा ठराविक रक्कम टाकायची ओळ मात्र पहिल्या महिन्यापासून त्या अंदाजपत्रकात असावी. पुण्यात ८५ हजार तिच्या स्वतःच्या खात्यात येत होते. ते थांबणं हाही या स्थलांतराचा एक खर्च आहे, आणि तो दोघांनी मिळून उचलायचा आहे.